अमेरिकेतील दारूबंदी आणि वल्हांडणाचे चार प्याले

वल्हांडण, म्हणजे ज्यूंचा पेसाह, या सणात कॉकटेल करावयाचे तर पाहुण्यांच्या आवडीआधी धर्मशास्त्राचा विचार करावा लागतो. गहू, बार्ली, राय यांसारखी धान्ये आंबवून केलेला कोणताही पदार्थ त्या दिवसांत वर्ज्य असतो. त्यामुळे व्हिस्की बाद, बिअरही बाद. उरते ते फळांपासून केलेले मद्य: वाइन, ब्रँडी, पूर्व युरोपातून आलेली आलुबुखाराची स्लिवोवित्झ. अमेरिकेत या यादीत आणखी एक नाव हमखास येते, ते म्हणजे गडद जांभळी, पाकासारखी गोड वाइन. मात्र शंभर वर्षांपूर्वी याच देशात सणाच्या वाइनवरून मोठे वादळ उठले होते.

१७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली. तिची अंमलबजावणी ज्या व्होल्स्टेड कायद्याने व्हायची होती, त्यात धार्मिक विधींच्या वाइनला सूट होती. ख्रिस्ती पंथांपुरता हा प्रश्न सोपा होता. कॅथलिक मिस्सामध्ये वाइन चर्चच्या वेदीवरच वापरली जाते, आणि तिच्यावर पाद्री व बिशप यांची नजर असते. अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी तर वाइन आधीच सोडली होती. न्यू जर्सीतील दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये द्राक्षरस तापवून, न आंबता टिकवण्याची रीत शोधली ती प्रभुभोजनासाठीच.

ज्यूंचे तसे नव्हते. त्यांची वाइन सिनेगॉगपेक्षा घरात अधिक लागते. दर शुक्रवारी सायंकाळी शब्बाथ सुरू होताना घरचा कर्ता प्याला हाती घेऊन किद्दुश म्हणतो. वल्हांडणाच्या रात्री तर प्रत्येकाने चार प्याले घ्यावयाचे असतात. मिश्ना या प्राचीन ग्रंथाची आज्ञा अशी की, अगदी गरिबालाही चारांहून कमी मिळता कामा नयेत, मग ते धर्मादायाच्या पैशांतून का असेना.

म्हणून रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, परवान्यावर वाइन उचलावी आणि आपल्या मंडळीतील कुटुंबांना वाटावी, अशी व्यवस्था सरकारने केली. येथेच खरी गोची होती. ज्यू धर्मात पोप नाही, बिशप नाही, रब्बींची एकच एक अधिकृत यादीही नाही. मग अमुक माणूस खरा रब्बी की तोतया, हे कारकुनाने ठरवायचे कसे?

जे व्हायचे तेच झाले. कागदावर सिनेगॉग उभे राहिले. सभासदांच्या याद्यांत मेलेली माणसे आली, टेलिफोन डिरेक्टरीतून उतरवलेली नावे आली. ज्यू नसलेलेही रब्बी बनले. विधीसाठीच्या वाइनची उचल १९२२ मध्ये सुमारे २१ लाख गॅलन होती. १९२४ मध्ये ती २९ लाखांच्या पुढे गेली. अमेरिकेतील चर्चच्या संघटित परिषदेने हे आकडे मांडताना एवढेच नोंदवले की, दोन वर्षांत खरी धार्मिक गरज आठ लाख गॅलनांनी वाढत नाही.

या सवलतीचा लाभ घेणारे सगळेच लबाड होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पूर्व युरोपातून आलेल्या कित्येक वृद्ध रब्बींना नव्या देशात तुटपुंजे वेतन मिळे, आणि वाइनवाटपाच्या शुल्कावर त्यांची चूल पेटत असे. पण बदनामी साऱ्या समाजाच्या वाट्याला आली. हेन्री फोर्ड यांच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेन्डन्ट’ या साप्ताहिकाने १९२१ मध्येच चोरट्या दारूधंद्याचे खापर ज्यूंवर फोडणारे लेख छापले होते. रब्बींच्या अटकेची प्रत्येक बातमी त्या विषाला खतपाणी घालत होती.

अशा वेळी न्यू यॉर्कच्या ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीतील ताल्मुदचे प्राध्यापक लुई गिन्झबर्ग यांच्यापुढे प्रश्न आला: न आंबलेल्या द्राक्षरसावर किद्दुश चालेल काय? १९२२ मध्ये त्यांनी हिब्रूत प्रदीर्घ शास्त्रनिर्णय लिहिला. त्यांचा मुख्य आधार ताल्मुदातीलच होता. घोस पिळावा आणि त्या रसावर किद्दुश म्हणावा, अशी मुभा तेथे आहे. गिन्झबर्ग यांचे उत्तर स्पष्ट होते: चालेल. या घोटाळ्यांनी देवाच्या नावाला काळिमा लागतो, ही खंतही त्या निर्णयामागे होती. सनातनी रब्बी खवळले. पूर्वजांचा प्याला सरकारच्या भीतीने पातळ केला, असा त्यांचा रोख होता. पोटावर पाय आल्याचा रागही त्यात मिसळला असेल. शास्त्रार्थाच्या वादात असे नेहमीच घडते.

गंमत म्हणजे, हा प्रश्न कोकणात केव्हाच सुटला होता. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले मराठीभाषक बेने इस्राएल काळ्या मनुका पाण्यात भिजवून त्यांचे सरबत करीत आणि त्यावरच किद्दुश म्हणत. मनुकांचा प्याला शास्त्राला मान्यच होता. अमेरिकेतही गरीब स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरात मनुकांची वाइन होत असे.

५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. न्यू यॉर्क परिसरात मुबलक पिके ते कॉन्कर्ड जातीचे द्राक्ष. ते चवीला उग्र आणि आंबट, त्यामुळे त्याची वाइन साखर घालूनच पिण्याजोगी होई. ब्रुकलिनच्या मोनार्क वाइन कंपनीने मात्झो या बेखमीर भाकरीमुळे घरोघरी पोहोचलेले ‘मॅनिशेविट्झ’ हे नाव परवान्याने घेतले आणि हीच गोड वाइन देशभर नेली. कॉकटेलच्या पेल्यात आज येते ती हीच. फक्त वल्हांडणाच्या बाटल्या वेगळ्या असतात. एरवी तिच्यात मक्याचा पाक पडतो. पण युरोपीय परंपरेच्या ज्यूंना त्या सणात मकाही वर्ज्य, म्हणून त्या बाटल्यांत उसाची साखर घालतात.