शाळेच्या भिंतीवरचे यंत्र : पैसा दानपेटीतला की तिजोरीतला?

शाळेत डिफिब्रिलेटर हवा की नको, हा आपल्या चळवळीचा विषय नाही असे अनेक मित्रांना वाटेल. ज्या जिल्हा परिषद शाळेचे छप्पर पावसाळ्यात गळते, जिथे मुलींच्या संडासाला दार नाही आणि एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात, तिथे थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची गोष्ट म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेपात तथ्य आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच. पण या यंत्राचा इतिहास वाचला तर त्यात विज्ञान कमी आणि 'खर्च कोणी करायचा' हे भांडण जास्त सापडते. हे भांडण आपल्या ओळखीचे आहे.

आधी यंत्राविषयी थोडे. हार्ट अटॅक आणि हृदय अचानक बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुंबतो. दुसऱ्या प्रकारात हृदयाची विजेची लय बिघडते, हृदय नुसते थरथरत राहते आणि मेंदूला रक्त मिळेनासे होते. शाळकरी मुलांतही हे घडते. कुणाच्या हृदयात जन्मजात दोष असतो, तर कधी छातीवर नेमक्या क्षणी बसलेला चेंडूही पुरतो. छाती दाबत राहिले तर थोडा वेळ निभावते, पण ती थरथर मोडायला झटकाच लागतो. काही न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका वीस मिनिटांनी आली, तर बहुतेक वेळा ती प्रेत न्यायलाच येते.

१९४७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात क्लॉड बेक या शल्यविशारदाने उघड्या छातीतल्या हृदयाला थेट विजेचा झटका देऊन एक रुग्ण वाचवला. माणसावर हा प्रयोग यशस्वी होण्याची ती पहिली वेळ. तो रुग्ण १४ वर्षांचा मुलगा होता, शाळेत जाण्याच्या वयाचा. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून झटका देऊन दाखवला. तरीही यंत्र इस्पितळातच अडकलेले होते. मरणाऱ्याने तिथपर्यंत जिवंत पोहोचायचे. ही अट मोडली बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी. १९६५ साली त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे यंत्र बनवले. वजन ७० किलो! ते रुग्णवाहिकेत चढवून त्यांनी इस्पितळच रुग्णाच्या दारात नेले. अमेरिकेने ही कल्पना झटपट उचलली. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र आघाडीच्या सर्व रुग्णवाहिकांत डिफिब्रिलेटर बसायला १९९० साल उजाडले. तंत्र हाताशी असून पंचवीस वर्षे! पुढे यंत्र लहान झाले, स्वतः हृदयाची लय तपासू लागले, काय करायचे ते बोलून सांगू लागले. गरज नसेल तर ते झटका देतच नाही. त्यालाच आज एईडी म्हणतात, आणि ते वापरायला डॉक्टर लागत नाही.

मग ते शाळेच्या भिंतीवर का नव्हते?

२ मार्च २०११ रोजी लिव्हरपूलमध्ये ऑलिव्हर किंग हा १२ वर्षांचा मुलगा शाळेत पोहताना हृदय बंद पडून गेला. शाळेत यंत्र नव्हते. त्याच्या वडिलांनी मुलाच्या नावाने संस्था काढली, शाळाशाळांत यंत्रे पोहोचवली, लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या, खासदारांना गाठून विषय संसदेत नेला. या माणसाच्या चिकाटीला आमचा सलाम. सरकार मात्र बराच काळ एकच सूर लावून होते : यंत्र ठेवणे चांगले, पण निर्णय शाळेचा. २०१४ मध्ये शिक्षण खात्याने स्वस्त दरात खरेदीची सोय केली. म्हणजे भाव कमी झाला, बिल मात्र शाळेनेच भरायचे. २०२० मध्ये नव्या इमारती बांधताना यंत्र आवश्यक ठरले; त्याच वर्षी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत प्रथमोपचार हा आरोग्य शिक्षणाचा सक्तीचा भाग झाला. अखेर जुलै २०२२ मध्ये, इंग्लंडमधल्या अशा ज्या शाळांत यंत्र नाही तिथे सरकार ते देईल, अशी घोषणा झाली. खर्च १ कोटी ९० लाख पौंड. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत जवळपास १८ हजार शाळांत २० हजारांहून अधिक यंत्रे पोहोचली.

मुलगा गेल्यापासून यंत्रे येईपर्यंत बारा वर्षे. या बारा वर्षांत यंत्र कुठे पोहोचले असेल? जिथे पालकांच्या खिशात पैसा होता, जिथे जत्रा भरवून, केक विकून रक्कम उभी राहत होती, तिथे. दानाचा हा स्वभावच आहे. दान गरजेकडे वाहत नाही, ओळखीकडे वाहते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक यंत्रांची मोजदाद करणाऱ्या संशोधकांनाही गरीब वस्त्यांत ती विरळ आणि लांब असल्याचे आढळले आहे, आणि हृदयविकाराचे ओझे त्याच वस्त्यांवर जास्त असते.

इंग्लंडला हा धडा नवा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी उपाशी पोरांना शाळेत जेवण द्यायचे की नाही, यावर तिथे असाच वाद झाला होता. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला आलेल्या तरुणांची खंगलेली शरीरे पाहून राज्यकर्ते दचकले. १९०६ चा शालेय जेवणाचा कायदा आला, पण त्याने स्थानिक संस्थांना केवळ परवानगी दिली, आणि कर बसवायचा तर पौंडामागे अर्ध्या पेनीपर्यंतच. १९०७ मध्ये शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. आधी धर्मादाय, मग परवानगी, मग कर्तव्य. वरच्या वर्गाची ही चाल जगभर सारखीच. मधल्या काळात कोण मेले याचा हिशेब कुणी देत नाही.

आता आपल्या घराकडे या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा जो ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला, तो आपण चवदार तळ्याच्या संदर्भात वाचतो. त्यातली दुसरी बाजू तरुणांनी नीट पाहावी. सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा. त्याचबरोबर सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. हक्काचा आधार काय? सार्वजनिक पैसा! संविधानाच्या कलम १५(२) मध्येही पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. तिजोरीतला पैसा लागला की दारावर हक्क सांगता येतो. दानशूराच्या विहिरीवर फक्त आभार मानता येतात.

बाबासाहेब सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि तिथेच सोडतो. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडे मांडले : सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करते. लोकांकडून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, ही मागणी. पुढच्या वर्षी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी म्हटले की या खर्चाचा मोठा भाग खरे तर सरकारने उचलायला हवा, कारण लोककल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे. शाळेतले यंत्र याच रांगेत बसते.

पण यंत्र भिंतीवर लावून मुले वाचत नाहीत. सप्टेंबर २०११ मध्ये जपानमधल्या सैतामा शहरात सहावीतली एक मुलगी धावण्याच्या सरावानंतर कोसळली. शाळेत एईडी होते. ती आचके देत होती. शिक्षकांना वाटले श्वास चालू आहे. यंत्र वापरलेच गेले नाही आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. तिथल्या शिक्षण मंडळाने तिच्या आईवडिलांना सोबत घेऊन शिक्षकांसाठी कार्यपद्धती तयार केली आणि तिला मुलीचेच नाव दिले, आसुका. खात्री नसेल तर श्वास थांबला असे समजून छाती दाबायला लागा, हा तिचा गाभा. आम्हाला इथे साताऱ्याच्या शाळेतला नळ आठवतो. नळ होता, पण शिपाई नसेल तर भीमाला पाणी नव्हते. दोन घटना वेगळ्या आहेत. तरी वस्तू शाळेत असणे आणि ती पोराच्या कामी येणे यात अंतर असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. उद्या आपल्याकडे यंत्र आले आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहिले, तर?

आता तो आक्षेप. आपल्या वस्त्यांतल्या मुलांचे हृदय बिघडण्याचे एक मोठे कारण संधिवाताच्या तापाने खराब होणाऱ्या झडपा हे आहे. घसा दुखतो, उपचार होत नाहीत, एका खोलीत सात माणसे झोपतात, ताप येतो आणि झडप कायमची जाते. ठराविक आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे स्वस्त इंजेक्शन हे टाळू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. जन्मजात हृदयदोष आणि हा झडपांचा आजार, दोन्ही त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत. म्हणून आमचा क्रम स्पष्ट आहे. आधी ही तपासणी खरोखर होते का ते पाहा. मग प्रत्येक शिक्षकाला आणि आठवीपुढच्या मुलांना छाती दाबण्याचे शिक्षण; त्याला यंत्र लागत नाही, पुतळा पुरतो. मग यंत्र, आणि तेही आधी आश्रमशाळा, वसतिगृहे आणि रुग्णवाहिका लवकर न पोहोचणारी गावे यांना.

आणि पैसा अर्थसंकल्पातून. २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. देणगीदाराला शाळेला आपले नाव जोडण्याची सोयही ठेवली. अशा वाटेने यंत्र आले तर त्यावर कंपनीचे बोधचिन्ह असेल, उद्घाटनाचा फोटो असेल. बॅटरी आणि चिकटपट्ट्यांची मुदत काही वर्षांत संपेल तेव्हा मात्र फोटोतले कुणी सापडणार नाही. इंग्लंडमध्येही सरकारने यंत्र दिले आणि देखभाल शाळांवर सोपवली. ती योजना तिथे अपुरी आहे. आपण मागणी लिहिताना खरेदीसोबत देखभालीचा वेगळा लेखाशीर्ष मागावा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक आहेत, त्यांनी येत्या बैठकीत दोन प्रश्न इतिवृत्तात नोंदवावेत : गेल्या वर्षी बाल स्वास्थ्यचे पथक कोणत्या तारखेला आले, आणि त्याने पुढे पाठवलेल्या मुलांचे काय झाले. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.