भुकेवाचून खाणे: एका उपचाराची वाटचाल

दुःख, चिंता, राग किंवा एकटेपणा दाबण्यासाठी भूक नसताना खाणे ही माणसाची जुनी सवय आहे. तिच्याकडे उपचाराचा विषय म्हणून पाहायला मात्र विसाव्या शतकातच सुरुवात झाली. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांसमोर लठ्ठ मूल आले की दोष बहुधा अंतःस्रावी ग्रंथींना दिला जाई. मोठ्या माणसाच्या बाबतीत तोच दोष हावरेपणावर जाई. शरीर तरी बिघडलेले, नाहीतर स्वभाव; मनाच्या दुखण्याला या हिशेबात फारशी जागा नव्हती.

ती जागा करून देण्यात हिल्डे ब्रुख यांचा वाटा मोठा आहे. जर्मनीत जन्मलेल्या या ज्यू बालरोगतज्ज्ञ हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये देश सोडून इंग्लंडला आणि पुढच्या वर्षी न्यू यॉर्कला गेल्या. तिथे १९३७ पासून त्यांनी लठ्ठ मुलांचा अभ्यास हाती घेतला. ग्रंथींचा बिघाड फारसा आढळेना, तेव्हा त्यांचे लक्ष मुलांच्या घराकडे वळले. ग्रेस टुरेन यांच्यासह १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी या मुलांच्या कुटुंबांचे चित्र मांडले. पुढे मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी आपला सिद्धांत पक्का केला. मूल ओले झाले, घाबरले, कंटाळले किंवा झोपेला आले, तरी प्रत्येक रडण्यावर त्याच्या तोंडात खाऊच पडत गेला, तर भूक कोणती आणि अस्वस्थता कोणती हे ओळखायला ते शिकतच नाही. मोठेपणी मग प्रत्येक अस्वस्थता भुकेसारखीच वाटते. खाण्याच्या विकारांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९७३ मध्ये आला.

या मांडणीने लठ्ठ माणसाच्या माथ्यावरचा हावरेपणाचा शिक्का पुसट केला, पण दोषाचे बोट आईकडे वळवले. हा अन्याय होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या नोंदी तपासून १९८६ मध्ये दाखवले, की या मुलांचे मोठेपणीचे वजन जन्मदात्यांशी जुळते, वाढवणाऱ्यांशी नाही. देहाच्या ठेवणीत आनुवंशिकतेचा हात मोठा असतो आणि भुकेवाचून खाणारा प्रत्येक जण लठ्ठ नसतो, हे ध्यानात ठेवूनच ब्रुख यांचे म्हणणे वाचावे लागते. त्याच स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये रात्री खाण्याच्या विकाराचे आणि १९५९ मध्ये थोड्या वेळात भरमसाट खाण्याच्या झटक्यांचे वर्णन केले होते.

दवाखान्याबाहेर, ज्यांना हा त्रास होता त्यांनीही मार्ग काढला. जानेवारी १९६० मध्ये लॉस एंजेलिस इथे ‘ओव्हरईटर्स अॅनॉनिमस’ ही संघटना सुरू झाली. मद्यपींच्या स्वमदत गटांची बारा पायऱ्यांची पद्धत तिने खाण्यासाठी वापरली. खाण्याची ओढ अनावर झाली की सोबतच्या सदस्याला फोन करायचा, हा तिथला साधा रिवाज. चोरून खाणाऱ्याला ज्या लाजेने घेरलेले असते, ती बोलून दाखवायची सोय इथे झाली. मात्र दारू पूर्ण सोडता येते, अन्न सोडता येत नाही, ही या पद्धतीपुढची अडचण कायम राहिली.

१९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टुअर्ट यांनी आठ स्त्रियांवरील वर्षभराच्या उपचाराचा वृत्तांत छापला. त्यात मनाच्या खोल उत्खननाऐवजी रोजच्या सवयींवर भर होता. काय, केव्हा, कुठे खाल्ले ते लिहायचे, एकाच ठराविक जागी खायचे, खाताना दुसरे काही करायचे नाही. बोलणे-हसणे टाळून जेवणात मन ठेवावे, असा नियम चरकसंहितेच्या विमानस्थानातही आहे. स्टुअर्ट यांची वाट वेगळी होती, पण लक्ष घास आणि मन यांच्या जोडणीवरच गेले.

मग एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांच्या प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवले गेले होते. बंधन उठल्यावर त्यातले काही जण पोट तुडुंब भरले तरी खात राहिले. १९७५ मध्ये पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनी साध्या प्रयोगातून त्याच्या जवळचेच काही दाखवले. स्वतःला सतत आवरणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर नंतर ती माणसे आइस्क्रीम कमी नव्हे, जास्त खात. एकदा नियम मोडला की आवरण्यात अर्थ उरत नाही, असे त्यांना वाटे. त्याच वर्षी हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी चिंता आणि असे आवरणे यांचा संबंध तपासला. आजवर औषध म्हणून सांगितलेला कडक पथ्याचा धाकच अनेकांचा विकार वाढवतो, ही या इतिहासातली सर्वांत मोलाची उमज होय. १९८६ मध्ये नेदरलँड्समध्ये तात्याना व्हान स्ट्रीन आणि सहकाऱ्यांनी ३३ प्रश्नांची प्रश्नावली रचली. भावनेपोटी खाणे, समोर दिसले म्हणून खाणे आणि स्वतःला आवरून खाणे या तीन गोष्टी त्यात वेगवेगळ्या मोजल्या जातात.

ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी १९८१ पासून मांडलेल्या उपचाराने ही उमज व्यवहारात आणली. त्यात पहिले काम उपाशी न राहण्याचे असते: दिवसात तीन जेवणे आणि मधल्या वेळचे दोन-तीन ठरलेले खाणे. प्रत्येक खाण्याची, त्या वेळच्या मनःस्थितीची नोंद तिथल्या तिथे करायची. ओढ आली की तो वेळ फिरणे, अंघोळ, कुणाशी बोलणे अशा कामात घालवायचा; आणि ओढीमागे खरी अडचण असेल, तर तीच सोडवायला बसायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जीन क्रिस्टेलर यांनी ध्यानाधारित पद्धत आणली. भावनांचा लोंढा न घाबरता सोसण्याची कौशल्ये शिकवणारा मार्शा लिनेहन यांचा उपचारही २००१ पर्यंत भरमसाट खाण्याच्या विकारासाठी तपासला गेला.

भरमसाट खाण्याच्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत १९९४ मध्ये परिशिष्टात आणि २०१३ मध्ये स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. भावनेच्या भरात कधीमधी खाणे त्या सूचीत नाही. झटके वारंवार येत असतील आणि ताबा सुटल्याची भावना व मनस्ताप सोबत असेल, तरच हे निदान केले जाते.