खानदेशातील क्लच-ब्रेक दुरुस्तीचा धंदा

1906 साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाचे ठाणे असलेले धुळे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या मार्गांच्या छेदावर, तर पूर्वेचे जळगाव यांपैकी दुसऱ्या मार्गावर असल्याने दोन्हीकडे वाहनदुरुस्तीला गिऱ्हाईक मिळत गेले. शिरपूरपलीकडचा बिजासन घाट किंवा चाळीसगावजवळचा कन्नड घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास लायनर, म्हणजे ब्रेकशूवरील घर्षणाचा पट्टा, तापून पकड सोडतो. चढावर अर्धवट दाबलेल्या क्लचमुळे क्लचप्लेट, म्हणजे इंजिनाची गती गिअरपेटीकडे नेणारी चकती, झिजते. जुन्या प्लेटवर नवे अस्तर रिव्हेटने बसवणे ही मिस्त्रींची काटकसर रास्तच होती. मात्र एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर एकदम न बदलणारे गॅरेज, मजुरी कितीही कमी असली तरी, स्वस्त म्हणता येत नाही.