चार दिवस आधी

महाराष्ट्र शासनाने 27 डिसेंबर 2007 रोजी एक अधिसूचना काढली आणि मेळघाटातलं 1500.49 चौरस किलोमीटर जंगल वाघासाठीचं गाभा क्षेत्र ठरलं. कायद्यातलं नाव 'क्रिटिकल टायगर हॅबिटॅट'. त्याच महिन्याच्या 31 तारखेला वनहक्क कायदा अमलात आला. मधे चार दिवस. हा नुसता योगायोग होता का, आणि त्या जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कोरकू, निहाल, गवळी, गोंड मंडळींना नेमकं कधी विचारायला हवं होतं, हे राजपत्र, कायद्यांचे मसुदे आणि त्या वर्षीचा पत्रव्यवहार शेजारी शेजारी ठेवले की बरंचसं जुळवता येतं.

सुरुवात आकड्यापासूनच करू. 1500.49 हा आकडा वाचून कुणालाही वाटेल, माणसं रानात फिरली असतील, वाघाचा वावर पाहिला असेल आणि मग रेघ मारली असेल. प्रत्यक्षात थोडी बेरीज करून पाहावी. गुगामल राष्ट्रीय उद्यान 361.28, मेळघाट अभयारण्य 788.75, वान 211, अंबाबरवा 127.11 आणि अकोला जिल्ह्यातलं चिमुकलं नरनाळा 12.35. बेरीज दुसऱ्या दशांशापर्यंत 1500.49 च येते. म्हणजे आधीच जाहीर असलेली पाच क्षेत्रं जशीच्या तशी, सबंध, एका नव्या नावाखाली आली. कायद्याला मात्र एवढंच पुरत नव्हतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 2006 साली घातलेल्या कलम 38 व्ही नुसार राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांमधला जो भाग वाघासाठी निर्मनुष्य ठेवणं गरजेचं आहे असं शास्त्रीय आणि वस्तुनिष्ठ निकषांवर सिद्ध होईल, तो गाभा. तोही आदिवासींच्या आणि इतर वननिवासींच्या हक्कांना धक्का न लावता. पाचही क्षेत्रांचा शेवटचा गुंठासुद्धा त्या निकषांत बसला, असं ही बेरीज सांगते. एवढा योग जुळणं मला अवघड वाटतं.

त्या जुन्या सीमाही काही दगडावरची रेघ नव्हत्या. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं. 1985 मध्ये 1597.23 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. 1987 मध्ये त्यातून गुगामल राष्ट्रीय उद्यान निघालं. 1994 मध्ये अभयारण्य आखडलं आणि गुगामल धरून 1150.03 उरलं. सुमारे 447 चौरस किलोमीटर बाहेर पडलं. निसर्गप्रेमींनी त्यावर कडक टीका केली, ती समजण्यासारखीही होती. पण 1991 च्या दुरुस्तीनंतर अभयारण्याची सीमा बदलायची तर विधिमंडळाचा ठराव लागत होता. म्हणजे हा विषय निवडून आलेल्या लोकांसमोर आणल्याशिवाय भागत नव्हतं. नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही तीन अभयारण्यं 1997 ची.

अभयारण्य करतानाही लोकांना विचारायची एक वाट कायद्यात होती. कलम 21 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने त्या भागातल्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा आणि दोन महिन्यांत लेखी दावे मागवायचे. लेखी! ज्या पाड्यावर घरात कोरकू बोलतात आणि मराठीसुद्धा शाळेत जाऊन शिकावी लागते, तिथे या तरतुदीचं मोल काय, ते धारणी-चिखलदऱ्यात काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता 38 व्ही कडे परत येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. बफर क्षेत्राची हद्द ठरवताना तज्ज्ञ समितीबरोबर ग्रामसभेशीही सल्लामसलत करायची, असं त्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. गाभ्यासाठी सल्ला फक्त तज्ज्ञ समितीचा. ज्या क्षेत्रातून गावं उठण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, तिथेच हद्द आखताना ग्रामसभेचं नाव नाही. ते येतं पुढच्या पायरीवर, पुनर्वसनाच्या वेळी: हक्क निश्चित झाल्याशिवाय आणि ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती असल्याशिवाय कुणालाही हलवायचं नाही. घर कुठल्या हद्दीत पडतं ते आधी दुसऱ्याने ठरवायचं आणि मग 'जाता का?' असं विचारायचं, अशी ही रचना.

वनहक्क कायद्यातली वाट निराळी होती. वन्यप्राण्यांसाठी निर्मनुष्य क्षेत्र हवं असेल तर त्या कायद्याखाली ते खुल्या सल्लामसलतीने, स्थानिक जाणकार असलेल्या समितीमार्फत ठरवायचं होतं. कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली 29 डिसेंबर 2006 ला, अंमल सुरू झाला वर्षाने. ते वर्ष संपत आलं असताना, 16 नोव्हेंबर 2007 रोजी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवलं: गाभा क्षेत्रांचे प्रस्ताव तेरा दिवसांत द्या. त्या पत्रापासून मेळघाटाच्या अधिसूचनेपर्यंत 41 दिवस. एकट्या महाराष्ट्राची ही घाई नव्हती. वर्षअखेरपर्यंत 12 राज्यांत 26 गाभा क्षेत्रं जाहीर झाली. म्हणून चार दिवसांचा योगायोग मला मान्य नाही. एका कायद्याचं दार उघडण्याआधी दुसऱ्या कायद्याच्या दारातून आत शिरून घेतलं, असं या तारखा सांगतात.

वनविभागाच्या बाजूलाही वजन आहे, ते झाकून चालणार नाही. राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नाही, हे 2005 मध्ये उघड झालं होतं. देश हादरला, टायगर टास्क फोर्स नेमली गेली, 2006 ची दुरुस्ती त्यातूनच आली. नवा कायदा आला की जंगलात दाव्यांचा पूर येईल, ही भीती अधिकाऱ्यांना खरोखर वाटत होती. पण घाईने घेतलेल्या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागतेच. बोरी, कोहा आणि कुंड ही गावं त्याआधीच, या शतकाच्या सुरुवातीला, उठली होती. 2008 मध्ये पुनर्वसनाची मदत कुटुंबामागे दहा लाख रुपये झाली आणि मग गुल्लरघाट, केलपाणी, अमोना, धारगड, सोमठाणा, बारूखेडा अशी गावं अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. कबूल केलेल्या जमिनी आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणत त्यांतली माणसं पुन्हा जंगलात परतली. जानेवारी 2019 मध्ये पोलीस-वनकर्मचारी आणि गावकरी यांच्यात चकमक झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

मेळघाटाच्याच अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर या कोरकू गावाला 2012 मध्ये 192 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. हे गाव गाभ्याबाहेरचं, अनुसूचित क्षेत्राच्याही बाहेरचं. उजाड झालेल्या त्या टेकड्यांवर काय लावायचं, चराई कुठे बंद ठेवायची, सीताफळं कुणाला विकायची, हे ग्रामसभा ठरवू लागली. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्कारांत गावाचं नाव आलं. पायविहीरच्या टेकडीवर वाघ नांदवायचा नव्हता, हे खरं. तरीही जंगलाचं नियोजन गावाला जमतं का, या प्रश्नाला आता पुरावा आहे.

या सगळ्या हकिकतीत एका बाजूचे कागद नीट जपलेले आहेत: राजपत्र, पत्रं, नकाशे. दुसऱ्या बाजूचे कागद ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या पेटीत वाळवी खात पडतात. वनहक्क नियमांतला नियम 13 गॅझेटिअर आणि वनविभागाच्या कार्ययोजनांबरोबर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही पुरावा मानतो. म्हणून धारणी, चिखलदरा, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतल्या वाचकांना विनंती आहे: तुमच्या गावाची 2007-08 ची ग्रामसभेची प्रोसिडिंग बुकं शोधा, झेरॉक्स काढा आणि एक प्रत अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या ग्रंथालयात जमा करा. गावातल्या म्हाताऱ्यांची निवेदनं तारीख आणि अंगठ्यासह लिहून घ्या, तेही याच वर्षी.