उचल

अपहरणाच्या थरारपटांचं एक बरं असतं. कैद कुठे आहे ते दिसतं. तळघर, लोखंडी दार, भिंतीवर रेघा ओढून मोजलेले दिवस, बॅटरी संपत आलेला फोन. रात्री दोनपर्यंत आपण एकाच गोष्टीसाठी जागे असतो: दार कधी उघडणार?

आता असा कैदी डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या खोपीला दारच नाही. पावसाळ्यात तो स्वतःच्या घरी असतो, स्वतःचा भात लावतो, पोरांबरोबर ओढ्यात मासे धरतो. दिवाळी झाली की भांडी आणि गोधड्या बांधून, बायको-मुलांना घेऊन तो स्वतःच्या पायांनी ट्रकमध्ये चढतो. पुढचे सहा महिने त्याला ते काम सोडता येत नाही. याचा थरारपट कसा काढणार? पहारेकरी कुठे दाखवणार?

मी नवापूरचा. आमचं गाव अनेकांना रीलमुळे माहीत असतं. रेल्वे स्टेशनच्या मधोमध महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते आणि एका बाकावर अर्धे लोक या राज्यात, अर्धे त्या राज्यात बसतात, ते हे नवापूर. त्या रुळांवरून पश्चिमेला गेलं की सोनगढ, व्यारा, बारडोली आणि मग सुरत. तालुका बहुतांशी आदिवासी. मावची, गावित, कोकणी, भिल्ल. शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातले काही बाक रिकामे व्हायचे आणि उन्हाळ्यापर्यंत रिकामेच राहायचे. हजेरी घेताना सर ती नावं न थांबता ओलांडून पुढे जायचे. कोणी कुठे गेलं हे विचारायची गरज नसे. 'ऊसतोडीला' हा शब्द आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होता.

आमचं घर ट्रकमध्ये चढणाऱ्यांचं नव्हतं. आमचं धान्याचं दुकान होतं. आजोबांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत, लाल कापडात बांधलेल्या. मोडीतून देवनागरीत आलेल्या पिढीचं ते अक्षर, डावीकडे नाव, मध्ये माल, उजवीकडे आकडा, खाली अंगठा. पानं चाळताना एक गोष्ट पटकन लक्षात येते. उधारीच्या नोंदी वर्षभर सारख्या नाहीत. जेठ संपताना त्या सुरू होतात आणि आषाढ-श्रावणात पानं भरून जातात. घरातली ज्वारी संपलेली, नवं पीक अजून हिरवं, अशा दिवसांतलं हे देणं. परतफेड सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मण नेलं तर सव्वा किंवा दीड मण आणून द्यायचं. फेडायची मुदत मात्र वर्षाची नाही, जेमतेम चार-पाच महिन्यांची. टक्क्यांत मांडून बघा, क्रेडिट कार्डवालेही लाजतील.

एका नावापुढे सलग तीन वर्षं आकडा वाढत जातो. चौथ्या वर्षी आकड्याच्या जागी एवढंच लिहिलंय: 'मुलगा, साल.' म्हणजे कर्जापोटी मुलगा सालाने राहिला. बाकी काही नाही. आजोबा गावात भला माणूस म्हणून ओळखले जात, आणि ते तसे होतेही. ती नोंद त्यांनी तेल-मिठाच्या नोंदीसारख्याच शांत अक्षरात केली आहे.

सालदारी ही खानदेशात इतकी जुनी आणि इतकी सवयीची गोष्ट की तिचं वर्ष सणाला बांधलेलं. आखाजी ते आखाजी. अक्षय्य तृतीयेला जुना हिशेब मिटवायचा आणि नवा साल बांधायचा. हिशेब मिटला नाही, तर नवा साल कोणाकडे बांधायचा हा प्रश्नच उरत नसे. सालदाराला कामाचे तास नव्हते. रात्री पिकाला पाणी द्यायचं तर तो, पहाटे गोठा झाडायचा तर तोच, आणि अनेकदा त्याची बायकोही.

कायद्याच्या पुस्तकात तोवर गुलामी कधीच संपली होती. १८४३ साली कंपनी सरकारने कायदा करून माणसावरची मालकी न्यायालयांनी मान्य करायची नाही असं ठरवलं. १८६०च्या भारतीय दंड संहितेने गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. या दोन तारखांच्या मध्ये १८५९ आहे आणि ते वर्ष शालेय पुस्तकांत सहसा सापडत नाही. त्या वर्षी आलेल्या कायद्याने, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करता येऊ लागलं. काम पूर्ण कर किंवा पैसे परत दे, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद. आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांपुरता असलेला हा कायदा पुढे इतरत्र लागू होत गेला, चहाच्या मळ्यांत तर फार वापरला गेला, आणि १९२५ साली रद्द झाला. म्हणजे माणूस विकत घेण्यावर बंदी घालण्याच्या काळातच आगाऊ पैसे देऊन त्याला बांधून ठेवण्यामागे सरकारने पोलीस उभे केले. मला हा इतिहासातला सगळ्यात मोठा कथानक-बदल वाटतो. खलनायक मेला असं वाटावं आणि पुढच्याच दृश्यात तो वकिलाच्या कोटात यावा, तसा.

नवापूर तेव्हा पश्चिम खानदेशात होतं, नवापूर पेठा म्हणून. १९३६च्या आदेशाने तळोदा, शहादा, नंदुरबार, अक्राणी यांच्याबरोबर तो 'अंशतः वगळलेला' प्रदेश ठरला. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि अशा प्रदेशांची पाहणी करायला डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याला नेमलं गेलं. त्याच्या अहवालात आदिवासी माणूस कर्जात कसा शिरतो आणि मग श्रम देऊनही बाहेर का येत नाही याचं वर्णन आहे. खाण्यासाठी कर्ज, लग्नासाठी कर्ज, आणि फेड धान्यात किंवा अंगमेहनतीत. ठाणे जिल्ह्यात या लग्नाच्या कर्जाला नावच पडलं होतं: लग्नगडी. लग्नापुरते पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने सावकाराच्या घरी राबत राहायचं. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात वारली उठले ते या लग्नगडी आणि वेठीविरुद्ध. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्याच लढ्याचं पुस्तक. अजून वाचलं नसेल तर हा लेख इथेच ठेवून ते मिळवा, राग येणार नाही.

आमच्या पश्चिमेला, सुरतच्या मैदानात, हीच गोष्ट 'हाळी' या नावाने होती. दुबळा जमातीचा तरुण लग्नासाठी जमीनमालकाकडून पैसे घेई आणि त्याचा हाळी होई, बहुधा जन्मभरासाठी. बारडोलीचा १९२८चा सत्याग्रह आपण सगळे शिकलो: वाढीव शेतसारा, वल्लभभाई, विजय, 'सरदार' ही पदवी. ज्यांनी सारा भरला नाही त्या शेतकऱ्यांच्या शेतात नांगर कोण धरत होतं, हे परीक्षेला येत नाही. ते हाळी होते. गांधीजींनी त्यांना 'हळपती', नांगराचे धनी, असं नवं नाव दिलं. नाव रुजलं, नांगर मात्र मालकाचाच राहिला.

बारडोलीत १९५०च्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तापीवरच्या काकरापारच्या बंधाऱ्याने कालवे भरले, ऊस वाढला, मागोमाग आणखी कारखाने आले. १९७२ साली वर उकाईचं धरण पूर्ण झालं. त्याच्या पाण्याखाली गेलेली बहुतेक गावं आदिवासींची होती, गुजरातची आणि हद्दीच्या अलीकडची काही. पाणी साठलं डोंगराकडच्यांच्या जमिनीवर आणि पोहोचलं मैदानातल्या उसाला. मग तो ऊस तोडायला माणसं कुठून आली? धुळे जिल्ह्यातून, डांगातून, आमच्या तालुक्यातून.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातमध्ये काम करत होते. १९७८ साली त्यांनी बारडोलीच्या ऊसतोडीवर सविस्तर लिहिलं. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. कारखान्याच्या भोवती हजारो हळपती रिकामे बसलेले असताना खानदेशातून ट्रक भरून माणसं आणायची कशाला?

उत्तर उसात आणि यंत्रात आहे. तुटलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते, त्यामुळे तोड आणि गाळप यांत फार वेळ जाऊन चालत नाही. कारखाना रात्रंदिवस फिरतो. ट्रक रात्री अकराला आला तर भरणारी माणसं रात्री अकराला हवीत. गावातला हळपती संध्याकाळी घरी जातो, आजारी आईकडे बघतो, पलीकडच्या शेतात चार आणे जास्त मिळाले तर तिकडे वळतो. खानदेशातून आणलेली टोळी उसाच्या कडेला पालात राहते. तिला जायला जागा नाही. ती कधीही हाकेला हजर असते, आणि हंगाम संपला की तिला परत पाठवून देता येतं.

पण नवापूरचा माणूस तरी मध्येच निघून का जात नाही? तिथे उचल येते. पावसाळ्यात, नेमक्या त्याच आषाढ-श्रावणात, मुकादम गावात येतो आणि आगाऊ रक्कम देतो. पूर्वी जे काम आमच्या दुकानातली वही करायची, तेच. फक्त ज्वारीच्या जागी रोख. एका नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसं मोजायची नाहीत, हत्यार मोजायचं. हंगामात खाण्यापुरतं धान्य आणि थोडे पैसे मिळतात, तेही नावावर चढतात. मजुरी टनावर, पण हातात पडते शेवटी.

म्हणून या गोष्टीतलं खरं रहस्य उन्हाळ्याच्या तोंडाला उलगडतं, हिशेबाच्या दिवशी. मुकादम वाचतो: एवढे टन, एवढी मजुरी, वजा उचल, वजा व्याज, वजा धान्य, वजा खाडे. टन किती भरले हे वजनकाट्यावर कारखान्याने मोजलेलं असतं, वही मुकादमाची असते, आणि तोडणाऱ्याकडे असते ती स्वतःची आठवण. काही कोयते पैसे घेऊन घरी येतात. काहींच्या नावावर बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामाची उचल होऊन बसते. माझ्या वर्गातला एक मुलगा सातवीनंतर आलाच नाही. वडिलांची बाकी निघाली होती आणि मुकादमाला जोडीसाठी हात कमी पडत होते. चौदा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या आईने मिळून तो कोयता पुरा केला.

तापीपलीकडे शहाद्यात मात्र लोकांनी वही हिसकावून बघितली. तिथे मैदान, काळी जमीन, सधन शेतकरी आणि त्यांच्याच शेतात सालदार झालेले भिल्ल. यातल्या कित्येकांच्या आजोबांच्या नावावर तीच जमीन होती. मे १९७१मध्ये म्हसावदजवळच्या पाटीलवाडीत धान्यावरून पेटलेल्या वादात आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक माणूस मेला. अंबरसिंग सुरतवंती हा भजनं गाणारा भिल्ल तरुण तोवर लोकांना एकत्र करू लागला होता. १९७२च्या जानेवारीत शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर इंजिनीअरिंगचं शिक्षण घेऊन आलेले, वाहरू सोनवणे तिथलेच, पुढे कवी म्हणून ओळखले गेले. सालदाराला सुट्टी हवी, कामाला तास हवेत, मजुरी वाढायला हवी, गहाण गेलेली जमीन परत हवी, अशा मागण्या होत्या. हजारो एकर जमीन परत मिळाली. मला यात सर्वांत धाडसी वाटते ती सुट्टीची मागणी. आठवड्यातला एक दिवस माझा आहे असं म्हणणारा माणूस उरलेले सहा दिवस विकतोय, स्वतःला नाही, हे मालकांना लगेच कळलं. विरोधही तेवढाच झाला.

ऑक्टोबर १९७५मध्ये, देशभरचे कार्यकर्ते आणीबाणीत तुरुंगात असताना, वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला. १९७६ साली त्याचा कायदा झाला. कायदा वाचायला खरंच चांगला आहे. वेठीचं कर्ज त्याच क्षणी संपतं. हे वेठीचं कर्ज नव्हे हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी आणखी पुढे जाऊन म्हटलं की भुकेपोटी कोणी किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तीही घटनेच्या कलम २३मधली सक्तीची मजुरी आहे. त्यासाठी बंदूक किंवा साखळी लागत नाही. आषाढातली ज्वारी सर्वोच्च न्यायालयात पोहोचली ती अशी.

सुटण्यासाठी मात्र कागद लागतो. उपविभागीय किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने दिलेलं मुक्तीचं प्रमाणपत्र. ते मिळालं तर उचल बुडते आणि २०१६च्या केंद्रीय योजनेतून पुनर्वसनाची रक्कम मिळू शकते: पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन, सगळ्यात क्रूर प्रकारांत तीन. पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा झाली तरच, तोवर हातात येतो तो त्यातला लहानसा हिस्सा. आणि प्रमाणपत्र द्यायचं ते, रूढ पद्धतीप्रमाणे, जिथे माणूस वेठीला होता तिथल्या अधिकाऱ्याने.

आता पुन्हा आमच्या स्टेशनकडे बघा. कोणी एक कोयता सुरत जिल्ह्यातल्या पालातून रात्री निघतो, बारडोलीला गाडी पकडतो आणि पहाटे नवापूरला उतरतो. फलाटावर चार भाषांत घोषणा चालू असतात. महाराष्ट्रात आलो म्हणून तो सुटकेचा श्वास टाकतो. इथल्या तहसील कचेरीत त्याचं रेशनकार्ड आहे, जातीचा दाखला आहे, सातबारा आहे. पालाचा पत्ता, टोळीची यादी, वजनाच्या चिठ्ठ्या तिकडे आहेत, आणि तक्रारही तिकडेच करायची आहे. मुकादम मात्र इकडचाच असतो, बहुतेक वेळा शेजारच्याच पाड्यावरचा, त्याच्याच नात्यातला. संध्याकाळपर्यंत तो घरी येऊन बसलेला असतो, चहा मागवतो आणि विचारतो, "भाऊ, बाकी कशी करायची?"