डबा पोचवणाऱ्याचं नाव झालं, भरणारीचं काय?

परवा मुलाच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर मेसेज आला. "सर्व मातांना सूचना. डब्यात पोळी-भाजीच द्यावी. नूडल्स, वेफर्स, बिस्किटं देऊ नयेत." सूचना चांगलीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिलेच शब्द बघा. सर्व मातांना. ग्रुपवर आम्ही बरेच बाप आहोत. एकालाही काही खटकलं नाही. खरं सांगतो, मलाही नाही. बायकोनं फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बघ, तुला शाळेनंच सुट्टी दिलीय."

तेव्हापासून डोक्यात डबा घोळतोय. आपण मुंबईकर डब्याचा अभिमान फार बाळगतो. पण डब्याचा इतिहास सांगताना आपण त्याचा नेमका अर्धाच भाग सांगतो. आज उरलेला अर्धा सांगायचा प्रयत्न करतो. पोस्ट लांब आहे, जेवणाच्या सुट्टीत वाचा.

सुरुवात जेवणाच्या सुट्टीपासूनच करू. कारण डबा असून उपयोग नाही, तो खायला वेळ लागतो.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ ची. पुढच्या तीस वर्षांत परळ-लालबाग-भायखळ्याकडे धुराडी उभी राहिली आणि कोकणातून, घाटावरून माणसं येत गेली. दिवस उजाडला की काम सुरू, अंधारलं की बंद. मधे जेवायला यंत्र थांबेलच असं नाही. शेजाऱ्याला साच्यावर नजर ठेवायला सांगायचं आणि चार घास पोटात ढकलायचे.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर पोटात कालवतं. रविवारची सुट्टी द्या. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम ठेवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती द्या.

अर्धा तास! आपण आज "लंचला जाऊन येतो" म्हणून सहज खुर्चीवरून उठतो ना, तो अर्धा तास या माणसांनी मागून घेतलाय. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, ती तारीख बऱ्याच जणांना पाठ असते. दुपारच्या अर्ध्या तासाला १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात जागा मिळाली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आता योगायोग बघा. डबेवाल्यांची संघटना आपली सुरुवात सांगते तीही १८९० चीच. महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं जमवून डबे पोचवायचं काम सुरू केलं. माणसं मावळातली. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, अकोले हा सगळा पट्टा. गिऱ्हाईक मात्र गिरणीतलं नव्हतं. ते होतं फोर्टातल्या पेढ्यांमधलं आणि कचेऱ्यांमधलं.

घरचाच डबा का हवा होता? एक कारण चवीचं आणि खिशाचं. दुसरं कारण आपण हळूच गाळतो, ते जातीचं. कुणाच्या हातचं खायचं, कुणाशेजारी बसून खायचं याचे नियम लोक गावाहून सोबत घेऊन आले होते. गिरण्यांमध्येही तेच. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणजे धोटा उष्टा होणार. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. घरच्या डब्यात प्रेम होतंच, पण तो उघडताना बाजूला सरकून बसणारी माणसंही होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

डबेवाल्यांचं पुढचं कौतुक तुम्हाला ठाऊकच आहे. आधी रंगीत दोरे, मग झाकणावर रंगानं काढलेली अक्षरं आणि आकडे. लोकलचा मालडबा, डोक्यावर चाळीसेक डब्यांची पाटी, साडेबाराच्या आत टेबलावर जेवण. १९५६ ला ट्रस्टची नोंदणी झाली. २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन भेटून गेले. मॅनेजमेंटच्या वर्गात त्यांचे धडे शिकवतात. हे सगळं त्यांनी घामानं कमावलंय, त्यात तिळभर कमी करायचं नाही.

पण एक साधा हिशोब उलटा मांडा. डबेवाला नऊच्या सुमारास दाराशी येतो. म्हणजे डबा त्याआधी भरून, पुसून, झाकण लावून तयार. म्हणजे कणीक त्याच्या कितीतरी आधी भिजवलेली. म्हणजे भाजी आदल्या रात्री निवडलेली. डबेवाल्याची वेळ चुकत नाही याचं जगभर कौतुक. ज्या लाखभर स्वयंपाकघरांत त्याची वेळ पाळली जाते, त्यांच्यावर धडा कुठाय?

माझी आई साडेचारला उठायची. वडिलांची सहा बावन्नची लोकल. तीन कप्प्यांचा डबा. खाली भात-आमटी, मधे भाजी, वर पोळ्या. आमटी सांडू नये म्हणून डब्याभोवती फडकं. पंचवीस वर्षांत डबा झाला नाही असा दिवस मला आठवत नाही. ती तापानं फणफणलेली असतानाचे दिवस आठवतात, तेव्हाही डबा झालेला होता. स्वतःचं दुपारचं जेवण ती कधी आणि काय जेवायची, हे मात्र मला सांगता येत नाही. कधी विचारलंच नाही.

आता गिरणगावात परत येऊ. तिथं बहुतेक पुरुषांचं बिऱ्हाड गावी. इथं एका खोलीत दहा-पंधराजण, पाळीपाळीनं झोपणारे. त्यांना जेवायला कोण घालायचं? खाणावळवाली. चाळीतली एक खोली, एक चूल, पुढे स्टोव्ह. महिन्याच्या हिशोबावर वीस-पंचवीस माणसं जेवायला. पहिल्या पाळीला जाणाऱ्याचं जेवण भल्या पहाटे, दुसऱ्या पाळीवाल्याचं वेगळ्या वेळेला, रात्रपाळीवाल्याचं आणखी वेगळं. भाकरी, कालवण, सुकट, कधी वशाट. कितीतरी जणी विधवा, टाकलेल्या, किंवा नवऱ्याची नोकरी गेलेल्या. त्यांचं हे काम म्हणजे धंदा आहे असं कुणी मानत नव्हतं. "बाई जेवण करते" एवढंच.

ज्या बाया स्वतः गिरणीत होत्या त्यांची गोष्ट अजून वेगळी. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. १८९१ च्या कायद्यानं बायकांचं गिरणीतलं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं. गिरणीतलं, हं. त्याआधीचे आणि नंतरचे चुलीपुढचे तास कुठल्या कायद्यानं मोजले?

गिरणी संपावर गेली की खाणावळवालीची कसोटी लागायची. कामगाराकडे पगार नाही, म्हणजे तिचे पैसे नाहीत. पण ताट बंद करता येत नाही, तो कालपर्यंत रोज जेवलेला माणूस आहे. मग वाण्याकडे उधारी, सावकाराकडे दागिना. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणं आहेत, वाटाघाटी आहेत, गोळीबार आहेत. संप महिनोन् महिने चालतो तेव्हा संपकरी खातो काय, या प्रश्नाला उत्तर देताना इतिहास जरा घाईत पुढे सरकतो.

ही घाई एका बाईनं केली नाही. प्रेमा पुरव. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या, पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत काम केलेल्या. त्यांनी खाणावळवाल्यांना एकत्र केलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही बाई उद्योजक आहे, तिला बँकेनं कर्ज दिलं पाहिजे. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ ला झालं होतं, गरिबांना कर्ज देऊ म्हणून. मग खाणावळवालीला का नाही? तिच्याकडे तारण ठेवायला काही नव्हतं. बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली. सावकाराच्या वहीतून नाव निघून बँकेच्या पासबुकात आलं. बचत गट हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुरवांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आजही दहा लोकांना विचारा, डबेवाले दहाच्या दहा जणांना माहीत असतील. खाणावळवाली किती जणांना?

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि बहुतेकांसाठी तो संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. गिरण्या गेल्या, खाणावळींची गिऱ्हाइकं गावाकडे गेली. गिरणगावात मग घराघरातून बायका बाहेर पडल्या आणि घर चालवायला जे येत होतं तेच केलं. पोळ्या लाटून देणं, डबे करून देणं, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाणं. ऑफिसात आज जो "घरगुती डबा" महिन्याच्या भावानं येतो ना, त्याचा एक पाय त्या संपात आहे.

आणि शाळेचा डबा? तो ज्यांना घरून मिळत नाही त्यांच्यासाठी सरकारनं हातात घेतला. १५ ऑगस्ट १९९५ ला देशपातळीवर मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली. आधी बऱ्याच राज्यांत नुसतं धान्य वाटलं जायचं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला. फार मोठं काम आहे हे. कितीतरी पोरं त्या खिचडीमुळं शाळेत टिकली. पण ती खिचडी शिजवते कोण? पुन्हा बाईच. आणि तिला पगार नाही, मानधन. केंद्रानं २००९ मध्ये ठरवलं, महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. त्यावर भर घालायची ती राज्यानं. म्हणजे घरातला स्वयंपाक फुकट आणि सरकारी स्वयंपाक जवळजवळ फुकट. यामागे समज एकच, की बाईला हे काम येतंच, करतेच, मग त्याचे पैसे कसले?

कुणी म्हणेल, जुन्या गोष्टी झाल्या, आता बदललंय सगळं. मग सरकारचेच आकडे बघा. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. पुरुष ९७ मिनिटं, आणि तेही त्या दिवशी घरकामाला हात लावणारे फक्त. असे पुरुष होते शंभरात २६. बायका ८१. २०२४ ची पाहणी आली. बायका २८९, पुरुष ८८. बायकांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं म्हणून हुरळायच्या आत बघा, आपलंही नऊ मिनिटांनी कमी झालंय.

लोखंड्यांच्या त्या निवेदनात दुपारचा अर्धा तास मागितला होता, कारण माणसाला जेवायला वेळ लागतो. ते जेवण करायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी झोपेतून येतो. मागणीचा हा दुसरा भाग आपल्याकडे कुणाच्या जाहीरनाम्यात मला दिसलेला नाही.

असो. ग्रुपवर मी लिहिलं की पुढच्या वेळी "मातांना"ऐवजी "पालकांना" लिहावं. तीन अंगठे आले, तिन्ही आयांचे. सोमवार आणि गुरुवारचा डबा आता माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी पोळ्या वातड झाल्या आणि चमचा टाकायचा राहिला. पोरानं डबा अर्धा परत आणला. बायको काही बोलली नाही, नुसती हसली.

आईला फोन करून विचारलं, तू दुपारी काय जेवायचीस गं? म्हणाली, "डबे भरून जे उरेल ते."

तुमच्या घरी डबा कोण भरतं आणि किती वाजता उठून, ते खाली लिहा. जमलं तर नाव लिहा. नातं सगळेच लिहितात.