ट्रेलरच्या सात तारांची कुळकथा

मोटारीमागे जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरला इंजिन नसते आणि साध्या ट्रेलरला बॅटरीही नसते. त्यामुळे त्याच्या मागच्या बाजूचे दिवे पेटतात ते पुढच्या गाडीच्या विजेवर आणि पुढे बसलेल्या चालकाच्या हुकुमावर. युरोपात ही वीज आणि हा हुकूम कित्येक दशके एकाच वाटेने मागे जात आले आहेत. गाडीच्या मागच्या बंपरखाली बसवलेले झाकणाचे, सात पिनांचे गोल सॉकेट आणि त्यात बसणारा ट्रेलरच्या केबलचा प्लग, ही ती वाट. जे जोडकाम पूर्वी हौशी माणूस पक्कड आणि टेस्ट लॅम्प घेऊन घराच्या अंगणात उरकत असे, त्यासाठी आजच्या युरोपीय मोटारीला लॅपटॉप लावावा लागतो, आणि याचे कारण प्लगमध्ये शोधू गेल्यास सापडत नाही.

मोटारीमागे ट्रेलर ओढण्याची हौस युरोपात पहिल्या महायुद्धानंतर वाढीस लागली. बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने १९१९ पासून कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायची चाकांवरची खोली, बांधण्यास आरंभ केला. जर्मनीत इस्नी गावच्या आरिस्ट डेथलेफ्स यांनी १९३१ साली आपल्या भावी पत्नीला प्रवासात बरोबर नेता यावे म्हणून तशीच एक गाडी तयार केली. आणि त्याच दशकात वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया कारखान्यातून गोल डोक्याचा जोड प्रचारात आला, ज्याच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यावर युरोपातील हलके ट्रेलर आजही अडकवले जातात. यांत्रिक जोडाचा प्रश्न असा लवकर सुटला. विजेचा जोड मात्र बराच काळ ज्याचा त्याला सुचेल तसा होता, कारण मागे पाठवण्यासारखे फारसे काही नव्हतेच. वळण्याचा इशारा गाडीच्या कडेतून बाहेर येणाऱ्या छोट्या हातांनी दिला जाई आणि असे हात युरोपातील फोक्सवॅगन बीटलवर १९६० पर्यंत होते. लुकलुकणारे इंडिकेटर रूढ होऊन ते गाडीच्या मागच्या कोपऱ्यांत गेले, तेव्हा ट्रेलर त्यांना पूर्णपणे झाकून टाकू लागला, आणि गाडीच्या मागच्या प्रत्येक दिव्याची प्रत ट्रेलरवर असणे अपरिहार्य झाले.

तारांची संख्या सातच का, याचा हिशेब उलगडून पाहण्यासारखा आहे. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि सगळ्यांची वीज परत नेणारी अर्थची तार या चार गोष्टी उघड आहेत. मागचे तांबडे टेल लॅम्प एकाच तारेवर भागले असते, परंतु जर्मन पद्धतीत डाव्या आणि उजव्या बाजूला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र फ्यूज असतो. याचे एक कारण असे की, एक फ्यूज उडाला तरी ट्रेलर पूर्ण अंधारात जाऊ नये. दुसरे असे की, रात्री रस्त्याच्या कडेला गाडी उभी करताना फक्त रहदारीकडच्या बाजूचे दिवे लावून ठेवण्याची तेथे सोय आहे. अशा सहा तारा झाल्या. सातवी तार मात्र अनेक वर्षे आपल्या कामाच्या शोधात राहिली.

या तारांची नावे समजून घेण्यासाठी जर्मन मानक डीआयएन ७२५५२ पाहावे लागते. मोटारीतील प्रत्येक विद्युत जोडटोकाला या मानकाने क्रमांक दिला: बॅटरीतून थेट येणारी वीज ३०, किल्ली फिरवल्यावर मिळणारी १५, अर्थ ३१, ब्रेकचा दिवा ५४, टेल लॅम्प ५८. पुण्यामुंबईच्या गॅरेजमधील ऑटो-इलेक्ट्रिशियन हॉर्नच्या किंवा फॉग लॅम्पच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे पाहून डोळे मिटून वायर लावतो, ते याच जर्मन यादीतले आहेत. ट्रेलरच्या प्लगमध्ये याच खुणा आल्या: एल, ५४जी, ३१, आर, ५८आर, ५४ आणि ५८एल. यांतील ५४जी ही दुसऱ्या पिनेची खूण होय. ती मुळात जड ट्रेलरच्या ब्रेकवरील विद्युतचुंबकीय झडपेसाठी राखलेली होती, जिचा हलक्या ट्रेलरला काहीच उपयोग नव्हता, त्यामुळे ज्याला जे सुचले ते त्याने तिथे जोडले. पुढे दाट धुक्यात लावायचा तांबडा मागचा दिवा कायद्याने आवश्यक झाला (ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासून रस्त्यावर आलेल्या गाड्यांना तो सक्तीचा आहे), आणि या रिकाम्या पिनेला अखेर कायमचे काम मिळाले.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७२४ ने ही मांडणी पक्की केली. ब्रिटनमध्ये ती ‘१२एन’ या नावाने ओळखली जाते. १२ म्हणजे व्होल्ट आणि एन म्हणजे नॉर्मल, सर्वसाधारण. पिवळी तार डावा इंडिकेटर, निळी धुक्याचा दिवा, पांढरी अर्थ, हिरवी उजवा इंडिकेटर, तपकिरी उजवा टेल लॅम्प, तांबडी ब्रेक आणि काळी डावा टेल लॅम्प, असा रंगांचा क्रम तेथील ट्रेलरवाल्यांना तोंडपाठ असतो. अमेरिकेने निराळी वाट धरली. तेथील अनेक गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर यांना एकच तांबडा दिवा पुरतो, त्यामुळे हलक्या ट्रेलरला चार तारांचा चपटा प्लग चालतो. पिवळा डावा, हिरवा उजवा, पांढरी अर्थ हे रंग मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि तरीही युरोपीय गाडीला अमेरिकी ट्रेलर जोडायचा तर दोन संकेत एकात मिसळणारे एक उपकरण मध्ये बसवावे लागते.

जुन्या गाडीत जोडकाम सोपे होते, कारण त्या गाडीत वीज हाच निरोप होता. ब्रेकच्या पेडलखालचा स्विच मिटला की तारेतून करंट वाही आणि दिवा पेटे. त्याच तारेला फाटा काढून तो सॉकेटच्या सहाव्या पिनेपर्यंत नेला की ट्रेलरचाही दिवा पेटे. फाटा काढण्यासाठी तार सोलण्याचीही गरज नसे. थ्रीएम कंपनीच्या स्कॉचलॉक या निळ्या चापात दोन्ही तारा ठेवून पक्कडीने दाबले की आतली पात आवरण कापून दोन्हींना जोडत असे. इंडिकेटरसाठी तेवढा जास्त भार पेलणारा फ्लॅशर आणि ट्रेलरचा दिवा गेल्याचे सांगणारी एक जादा खूण, मानकाच्या भाषेत सी२, लागे; ब्रिटनमध्ये त्याऐवजी एक बारीक आवाजाचा बझरही चाले. दोष यायचा तो बहुधा अर्थच्या पांढऱ्या तारेत. पावसाने आणि रस्त्यावरील मिठाने तिसरी पिन गंजली की परतीची वाट बंद होते, मग करंट दुसऱ्या दिव्यांच्या फिलामेंटमधून उलटा शिरून वाट काढतो, आणि डावा इंडिकेटर दिला असता टेल लॅम्प मंद लुकलुकतात किंवा ब्रेक दाबताच सगळेच दिवे अर्धवट उजळतात. असा ट्रेलर पाहून जाणकार सरळ पांढऱ्या तारेकडे वळतो.

कॅरॅव्हॅनमध्ये फ्रिज आणि बॅटरी आल्यावर सात पिना अपुऱ्या पडल्या. प्रथम ‘१२एस’ हे दुसरे सात पिनांचे सॉकेट शेजारी बसवण्यात आले. मधल्या पिनेची रचना उलटी ठेवल्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात बसत नाही. नंतर आयएसओ ११४४६ या मानकाचे तेरा पिनांचे सॉकेट आले, ज्यात प्लग घालून पिळावा लागतो आणि पाणी कमी शिरते. पहिल्या आठ पिना दिव्यांसाठी आणि त्यांच्या अर्थसाठी, नववी कायम विजेसाठी, दहावी किल्लीबरोबर चालू होणाऱ्या विजेसाठी, अकरावी आणि तेरावी या दोन विजांच्या स्वतंत्र अर्थसाठी. ब्रिटनमध्ये २००८ पासून नव्या कॅरॅव्हॅनना हेच सॉकेट रूढ झाले. महत्त्वाची बाब ही की, पहिल्या सात पिनांची कामे आणि क्रम जसेच्या तसे ठेवण्यात आले.

खरा बदल या सगळ्याच्या बाहेर, गाडीच्या आत घडला. मोटारीतील यंत्रणा वाढल्या तशा तारांच्या जुड्या इतक्या जड आणि गुंतागुंतीच्या झाल्या की, बॉश कंपनीने १९८३ साली वेगळा मार्ग शोधण्यास आरंभ केला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत ‘कॅन’ ही पद्धत मांडली. या पद्धतीत पिळलेल्या दोन तारांवरून सर्व नियंत्रक एकमेकांना आकड्यांच्या भाषेत निरोप पाठवतात. दोघांनी एकदम बोलण्यास सुरुवात केली तर ज्याच्या निरोपाचा क्रमांक लहान त्याला वाट मिळते. इंटेलने १९८७ साली त्याची पहिली चिप बाजारात आणली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी मर्सिडीज-बेंझच्या उंची मोटारींत ती बसू लागली. अशा गाडीत ब्रेकच्या स्विचपासून ब्रेकच्या दिव्यापर्यंत अखंड तार उरत नाही. स्विच नियंत्रकाला कळवतो, नियंत्रक निरोप सोडतो, आणि दिव्याजवळचा दुसरा नियंत्रक ठरवतो की किती वीज द्यायची. वीज आणि निरोप यांची येथे फारकत झाली.

या फारकतीमुळे फाटा काढण्याची जुनी रीत निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याची ठरली. आधुनिक गाडीत पुष्कळदा एकच २१ वॉटचा बल्ब टेल लॅम्प म्हणून मंद आणि ब्रेक म्हणून पूर्ण तेजाने जळतो. मंदपणा साधण्यासाठी नियंत्रक वीज सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करतो, आणि त्या तारेवरचा फाटा ट्रेलरला टेल लॅम्पचा की ब्रेकचा संकेत देतो हे सांगणे कठीण होते. शिवाय नियंत्रक प्रत्येक बल्बचा करंट मोजत असतो: २१ वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर लागतात, तेथे दुप्पट करंट वाहू लागला की तो शॉर्टसर्किट समजून ती वाट बंद करतो किंवा डॅशबोर्डवर दोष दाखवतो. फ्यूज बदलून भागावे असे येथे काही नसते. जळाला तर नियंत्रकच जळतो, आणि त्याची किंमत अनेक जुन्या ट्रेलरांच्या किमतीहून जास्त असते.

यावर दोन उपाय निघाले. पहिला बायपास रिलेचा: हे छोटे खोके गाडीच्या तारांतून जेमतेम काही मिलीअँपिअर घेऊन फक्त संकेत ऐकते आणि ट्रेलरची वीज बॅटरीतून, फ्यूज लावलेल्या स्वतंत्र तारेने आणते. दुसरा उपाय त्या गाडीसाठीच बनवलेल्या ट्रेलर-नियंत्रकाचा, जो कॅनच्या दोन तारांना जोडला जाऊन निरोप थेट वाचतो. फोक्सवॅगन समूहाच्या आराखड्यांत तो ‘जे ३४५’ या खुणेने दाखवलेला असतो. दुसऱ्या उपायात जोडकाम संपल्यावर गाडीच्या संगणकाला ट्रेलरची नोंद करून द्यावी लागते, ज्याला कोडिंग म्हणतात. ते न केल्यास नियंत्रक बोलत राहतो आणि गाडी ऐकत नाही. केल्यास मात्र प्लग घालताच मागचे पार्किंग सेन्सर गप्प होतात, गाडीचा स्वतःचा धुक्याचा दिवा विझतो, कारण त्याचा प्रकाश ट्रेलरच्या तोंडावरून उलटा चालकाच्या आरशात येतो, आणि ज्या गाड्यांत सोय आहे त्यांत ट्रेलर डुलू लागल्यास निवडक चाकांचे ब्रेक लावून त्याला सावरले जाते. पहिला उपाय स्वस्त आहे आणि हलक्या सामानाच्या ट्रेलरला पुरतो. कॅरॅव्हॅन ओढणाऱ्याने मात्र या सोयींसाठी दुसराच पत्करावा.

ट्रेलर अजूनही तपासणीच्या नजरेतून सुटलेला नाही. नियंत्रक बल्ब शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी अधूनमधून विजेचा अत्यंत लहान ठोका मागे पाठवतो. फिलामेंटला तो जाणवतही नाही, परंतु एलईडी दिवा तेवढ्यानेही क्षणभर चमकतो, आणि त्याचा करंट इतका कमी असतो की पुष्कळ गाड्या तो दिवा गेला असे धरून चालतात. त्यामुळे एलईडीच्या जोडीला केवळ वीज खाऊन तापणारे रेझिस्टर लावावे लागतात, हा विजेची बचत करणाऱ्या दिव्याच्या बाबतीत थोडा विचित्रच प्रकार आहे. उलट फिलामेंटचे बल्ब असलेल्या जुन्या ट्रेलरला यातले काहीही लागत नाही: तेरा पिनांच्या सॉकेटमधून सात पिनांच्या प्लगकडे नेणाऱ्या अॅडॉप्टरमध्ये कसलेही इलेक्ट्रॉनिक्स नसते, फक्त समान क्रमांकाच्या पिना एकमेकींना जोडणाऱ्या तारा असतात.